हृदय उघडण्याचा मान

बालिंतकाकांच्या अंगणात दर जानेवारीत डुक्कर कापलं जातं आणि त्याचं हृदय दर जानेवारीत तिवादार उघडतो. हे कुणी ठरवलेलं नाही. पण चर्चमध्ये पाद्र्याच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही, तसंच हे.

तिवादार आमच्या रुग्णालयातला हृदयशस्त्रक्रियेचा प्रमुख. मी इल्मा, त्याच्या रुग्णांना भूल देते. वीस वर्षं आम्ही एकाच टेबलाशी उभे आहोत. तो छातीत बघतो आणि मी रुग्णाच्या उशाशी उभी राहून त्याच्याकडे बघते. त्याच्या दोन्ही बायकांना त्याच्याबद्दल जेवढं कळलं त्याहून मला जास्त कळलं आहे. त्या दोघी निघून गेल्या. मला ड्यूटी असते.

बालिंतकाका शहराबाहेरच्या एका गावचे खाटीक. हिवाळ्यात घरोघरी डुक्कर कापायला तेच जातात. तेरा वर्षांपूर्वी त्यांची हृदयातली मुख्य झडप निकामी झाली, तेव्हा तिवादारने छाती उघडून ती काढली आणि तिथे डुकराची बसवली. शुद्धीवर आल्यावर काका पहिलं वाक्य बोलले ते असं: "जन्मभर मी त्यांच्यात सुरी घातली. शेवटी एक माझ्यात घुसलंच." पुढच्या जानेवारीत आम्हा दोघांना आमंत्रण आलं आणि तेव्हापासून चुकलेलं नाही.

तिवादारचा कार्यक्रम ठरलेला. आतडी धुऊन झाली, कोबी चुलीवर चढला, की काका एका फळीवर हृदय घेऊन येत. तिवादार बाह्या सरसावे. वरची जाड धमनी एका रेषेत चिरून तो आतली झडप सगळ्यांना दाखवी: तीन पाकळ्या, पातळ, ओल्या, पापणीसारख्या. पाकळ्यांच्या जरा वर दोन बारीक भोकं असतात, हृदय स्वतःसाठी रक्त घेतं ती. ती तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी दाबून धरी आणि उजव्या हाताने वरून पालिंका ओती. झडप मिटायची. जर्दाळूची ती दारू वाटीत राहावी तशी झडपेत उभी राहायची, एक थेंब खाली गळायचा नाही. अंगण टाळ्या वाजवायचं. "म्हणून मला चढत नाही," काका म्हणायचे. बारा वर्षं तेच वाक्य, आणि बारा वर्षं लोक हसले.

तिवादारला पुरस्कार मिळाले आहेत, परिषदांतून त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं आहे. पण त्या फळीसमोर उभं राहताना त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा मी इतरत्र कुठे पाहिला नाही.

मग रेका आली.

खरं तर रेका आधीपासून होती. तीन वर्षं ती तिवादारच्या हाताखाली सर्जन व्हायला शिकत होती. "या मुलीचे हात बघ," असं तो मला एकदा म्हणाला होता. दुसऱ्या कुणाच्या हातांबद्दल तो चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही. चौथ्या वर्षी तिने त्याला जिन्यात गाठून सांगितलं, "साहेब, मी हृदयतज्ज्ञांच्या विभागात जाते आहे. मला माणसं न उघडता बरी करायची आहेत." यातल्या 'न उघडता' या शब्दांवर तो पुढची कितीतरी वर्षं बोलत होता.

आता ती जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवते, तिच्या टोकाला मिटलेली नवी झडप असते, ती हृदयात जाऊन छत्रीसारखी उघडते आणि काम संपतं. तिचा रुग्ण संध्याकाळी सूप पितो आणि तिसऱ्या दिवशी आपली पिशवी आपणच उचलून घरी जातो. तिवादारचा रुग्ण खोकताना छातीशी उशी धरतो आणि दीड महिना पाण्याची बादली उचलत नाही. तिवादारच्या रुग्णांना भेटायला बायका येत आणि रडत. रेकाच्या रुग्णांना त्या विचारत, "मग येताना ब्रेड आणाल ना?"

रुग्णालयात पाहुणे आले की त्यांना रेकाची खोली दाखवत. तिला काचेची भिंत आहे. तिवादारची खोली दाखवत नसत. तिथे रक्त असतं.

"काच," तिवादार म्हणायचा. "मत्स्यालय आहे का ते?"

त्याचा मुद्दा अगदीच खोटा होता असं नाही. जगभर त्यावरच भांडण चालू आहे. ऐंशीच्या म्हाताऱ्याला नळीतून झडप बसवा, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण हल्ली साठीची, पासष्टीची माणसंही तीच मागतात. झडप झिजणार आणि माणूस उरणार. मग तिच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी? "बाहुलीत बाहुली, बाहुलीत बाहुली," तिवादार हाताने एकेक लहान करत दाखवायचा. हे तो पोटतिडकीने बोलायचा. फक्त ते बोलताना त्याची नजर काचेच्या भिंतीकडे का असायची, एवढंच मला विचारायचं होतं.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत आम्ही गावात पोचलो तर अंगणात रेकाची सायकल टेकलेली.

"ही कशी इथे?" तिवादारने मला विचारलं.

"सायकलने," मी म्हटलं.

झालं होतं असं की काकांना गेले काही आठवडे दम लागत होता. सोनोग्राफीला ते रेकाकडे गेले, आणि ज्या डॉक्टरने पोटाला किंवा छातीला हात लावला तिला डुकराच्या दिवशी न बोलावणं एतेल्काकाकूंच्या स्वभावात बसत नाही. एतेल्काकाकू म्हणजे बालिंतकाकांची बायको. कोण किती खातो यावरून त्या माणसाची पारख करतात. रेकाने कोबी दोनदा वाढून घेतला. तिवादारने ते मोजलं.

त्या दिवशी डुक्कर धरताना काका मध्येच थांबले आणि कुंपणाला टेकले. ओठ निळसर झाले होते. हृदय तिवादारनेच उघडलं, पण पालिंका ओतताना त्याचं लक्ष पाकळ्यांकडे नव्हतं. रेका काकांची नाडी बघत होती, आणि अर्धं अंगण फळीकडे न बघता तिच्याकडे बघत होतं.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "झडप झिजली. पुन्हा उघडावं लागेल. माझा रुग्ण आहे."

"बुधवारी ठरेल," मी म्हटलं.

"बुधवारी ती नळी घेऊन येईल. बघच तू. काकांना सांगेल, दुखणार नाही. आणि पुढच्या जानेवारीत..." पुढच्या जानेवारीत फळी कुणापुढे येईल, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. माणसाच्या हृदयाचा प्रश्न होता आणि आम्ही डुकराच्या हृदयाबद्दल गप्प होतो.

बुधवारची बैठक म्हणजे अशी: अवघड रुग्णाचं काय करायचं ते सर्जन आणि हृदयतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचं असा नियम आहे. नियम करणाऱ्यांनी आमचा बुधवार पाहिलेला नाही. तिवादार त्या दिवशी टाय लावून आला. कोटाच्या खिशात त्याचं भाषण होतं. आठवडाभर तो माझ्यासमोर त्याची तालीम करत होता. त्यात तीन देशांतले अभ्यास होते, बाहुल्या होत्या आणि शेवटी एक वाक्य होतं जे तो जरा थांबून म्हणणार होता.

रेकाने पडद्यावर काकांचा सीटी स्कॅन लावला.

"आत बसलेली झडप लहान आहे," ती म्हणाली. "एकवीस नंबर. मी माझी त्याच्या आत उघडली तर बुटात बूट घातल्यासारखं होईल. काका जगतील, पण जिना चढायचा म्हटलं की बसतील."

"जुन्या झडपेची कडी आतून फुग्याने फोडता येते," तिवादार म्हणाला.

खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे बघायला लागली. मीसुद्धा.

"येते, साहेब. पण हे बघा." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हृदयाचं स्वतःचं रक्त जिथून जातं ती दोन्ही तोंडं अगदी खाली आहेत. माझी झडप उघडली की जुन्या पाकळ्या भिंतीला चिकटतील आणि दोन्ही तोंडं बुजतील. हे नळीचं काम नाही. छाती उघडून जुनी काढायची, वाट रुंद करायची आणि मोठी बसवायची. ते साहेबांनी करावं."

तिवादारला हवं होतं ते सगळं त्याला तीन वाक्यांत मिळालं होतं. खिशातलं भाषण खिशातच राहिलं. मला वाटलं, आता तो उठेल आणि कॉफी घेईल.

"पाकळी आधी चिरून वाट मोकळी ठेवण्याची पद्धत आहे," तो म्हणाला.

"आहे. मी दोनदा केली आहे. दोन्ही बाजूंना एकदम कधीच नाही. आणि काकांवर मी शिकणार नाही."

"इतक्या लवकर हात टेकायचे?"

"हो," रेका म्हणाली.

वीस वर्षांत पहिल्यांदाच मी तिवादारला नळीची बाजू घेताना ऐकलं. त्याने पुन्हा स्कॅन मागवला. मापं कदाचित चुकली असतील, तो म्हणाला. दुसऱ्या यंत्रावर घ्या. यंत्र मोकळं नव्हतं. हरकत नाही, थांबू.

जिन्यात मी त्याला धरलं. "तुला ही शस्त्रक्रिया हवी होती."

"हवी होती."

"मग मिळाली की."

"मला ती घ्यायची होती, इल्मा. तिने द्यायला नको होती."

मी भूल देणारी डॉक्टर आहे. माझ्याकडे यावर इंजेक्शन नाही.

आठवडा असा गेला. काका वॉर्डात होते. तिवादार रोज जाऊन त्यांना बघायचा आणि रोज "बघू" म्हणायचा. रेकाही रोज जायची आणि तिला काही म्हणायचंच नसायचं, कारण तिने म्हणून टाकलं होतं. सोमवारी सकाळी आम्ही दोघं वॉर्डात शिरलो तर दारातच एतेल्काकाकू सूपची बरणी घेऊन उभ्या.

"प्रमुखसाहेब, हे रात्रभर बसून झोपतात. कोंबडीसारखे. आडवं झालं की गुदमरतात."

"आम्ही ठरवतो आहोत, काकू."

"कोण ठरवतंय? ती पोरगी म्हणते, उघडा. तुम्ही सगळ्या जगाला म्हणता, उघडा. मग भांडण कुणाशी आहे?"

तिवादारने बरणीकडे बघितलं. मग तो फोनकडे गेला आणि मंगळवारचं थिएटर मागितलं. दुसरा स्कॅन कधी झालाच नाही.

दुसऱ्यांदा छाती उघडणं हे पहिल्यासारखं नसतं. हृदय हाडाच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेलं असतं, आणि ते सोडवताना घाई केली तर तिथेच संपतं. तिवादारने घाई केली नाही. त्या सकाळी त्याच्याइतका शांत माणूस त्या इमारतीत नव्हता. मत्सर त्याने बूट काढावेत तसा दाराबाहेर काढून ठेवला होता. अर्थात बूट माणूस निघताना पुन्हा घालतोच.

थोड्या वेळाने दार जरा उघडलं. रेका तोंडाला मास्क लावून उंबऱ्यात उभी होती.

"दारात उभं राहू नको," वर न बघता तिवादार म्हणाला. "आत ये नाहीतर बाहेर जा."

ती आत आली आणि माझ्या शेजारी स्टुलावर उभी राहिली.

जुनी झडप निघाली. सुकलेल्या मिरचीच्या सालीसारखी कडक. तिवादारने कडीचं माप घेतलं. एकवीस. ते त्यालाच माहीत असायला हवं होतं, त्यानेच बसवली होती. मग त्याने दोन्ही तोंडांची उंची मोजली. पुन्हा मोजली. नर्सकडून दुसरी मोजपट्टी मागून घेतली आणि तिसऱ्यांदा मोजली. मी त्याचे डोळे बघत होते. एखाद्या माणसाचं माप चुकलेलं निघावं अशी आशा मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. रेकाची मापं तिन्ही वेळा खरी ठरली.

"टाका," तो म्हणाला, आणि नर्सने सुई पुढे केली.

त्याने धमनीचं तोंड चिरून वाढवलं, तिथे बैलाच्या हृदयावरणाचा तुकडा शिवला आणि बैलाच्याच हृदयावरणाची मोठी झडप बसवली. काकांचं हृदय दोन आचके देऊन चालू झालं. मग नीट चालायला लागलं.

हात धुताना तो माझ्या कानाशी आला. "तिला सांग, मापं बरोबर होती."

"तूच सांग. ती तिथे उभी आहे."

"मग नको सांगू."

काका शुद्धीवर आले तेव्हा त्यांना झडपेबद्दल सांगितलं. "म्हणजे डुक्कर गेलं आणि बैल आला," ते म्हणाले. "कोंबडीची जागा कुठे आहे तेवढं बघून ठेवा."

या जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा बर्फ पडलेला होता आणि काका कुंपणापाशी उभे राहून चार माणसांना एकदम ओरडत होते. श्वास पुरत होता हे ऐकूनच कळत होतं. रेकाची सायकल भिंतीला टेकलेली. आधी सगळ्यांना पालिंका मिळाली. मग डुकराला धरायला माणसं वाटली गेली: दोघं कानाशी, दोघं मागच्या पायांशी.

"साहेब, तुम्ही शेपूट धरा," काका म्हणाले.

शेपूट कुणाला देतात ते त्या अंगणात प्रत्येकाला माहीत आहे. नव्या जावयाला देतात, शहरातून आलेल्या चुलतभावाला देतात, ज्याला काही येत नाही पण ज्याला वाईट वाटू नये अशा माणसाला देतात. तिवादारला वाटलं थट्टा आहे. तो हसला आणि त्याने शेपूट धरली. फार नीट धरली, कारण त्याला कुठलीच गोष्ट अर्धवट धरता येत नाही.

दुपारी फळी आली. तिवादारने बाह्या सरसावल्या, कोपरापर्यंत. काका त्याच्यासमोरून गेले आणि त्यांनी फळी रेकापुढे ठेवली. वर सुरी ठेवली, दांडा तिच्याकडे करून.

तिवादारची एक बाही सुटून खाली आली.

"बालिंतकाका," तो म्हणाला, "तुमची छाती मी उघडली. दोनदा."

"तर काय. चांगली उघडलीत. दोन्ही वेळा."

"मग?"

"साहेब, तुम्हाला मी हवाच होतो." काका त्याच्याशी अगदी प्रेमाने बोलत होते आणि तेच वाईट होतं. "या पोरीलाही हवा होतो. तिने नाही म्हटलं. हातातली सुरी खाली ठेवणारा माणूस मी आमच्या धंद्यात बघितला नाही. तुमच्याही नसेल फारसा."

"मीही आठवडाभर खालीच ठेवली होती."

"ते आमच्या लक्षात आहे," एतेल्काकाकू कोबी ढवळत म्हणाल्या.

रेका लाल झाली होती. तिने सुरी उचलली नाही. मग काका तिच्याकडे बघत राहिले, आणि त्या अंगणात काका बघत राहिले की माणूस काम सुरू करतो. तिने धमनी पकडली आणि चिरली. एका रेषेत, न थांबता, सुरी न उचलता. हीच रेषा मी वीस वर्षं पाहते आहे. ती कुणाची आहे हे सांगायला त्या अंगणात आम्ही दोघंच होतो, आणि दुसरा माणूस आपल्या बाहीचं बटण लावत होता.

पाकळ्या दिसल्या. काकांनी पालिंकाची बाटली पुढे केली. रेकाने एका हाताने हृदय धरलं, दुसऱ्या हाताने बाटली घेतली आणि थांबली.

"साहेब," ती म्हणाली. "ती दोन तोंडं. माझी बोटं पुरत नाहीत."

रेकाची बोटं पुरतात. त्या बोटांनी ती जांघेपाशी उभी राहून हृदयातली बारीक तार फिरवते. हे मला माहीत होतं, आणि तिवादारला माझ्याहून जास्त माहीत होतं. पुन्हा एकदा ती त्याला काहीतरी देत होती, तेही सगळ्यांसमोर, आणि जमिनीवर डुकराचं रक्त अजून वाफाळत होतं.

चुलीवरचं झाकण वाजत होतं. मग त्याने बटण लावलेली बाही पुन्हा वर केली, फळीपाशी गेला आणि दोन बोटं आत घातली.

"ओत," तो म्हणाला. "सावकाश. मध्यावर."

तिने ओतली. झडप मिटली आणि पालिंका तिच्यात उभी राहिली, स्वच्छ, काठोकाठ. टाळ्या वाजल्या. काका काही म्हणतील म्हणून सगळे थांबले.

"आता मला चढणार," काका म्हणाले. "बैलाला सवय नाही."

निघताना एतेल्काकाकूंनी आम्हाला वानवळा बांधून दिला: सॉसेज, भाजलेली चरबी, एका बरणीत सूप. रेकाचा वानवळा तिच्या सायकलच्या टोपलीत मावेना, म्हणून तो आमच्या गाडीत आला. मागच्या सीटवर दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी होत्या आणि गाव संपेपर्यंत तिवादार आरशातून रस्त्याऐवजी त्यांच्याकडे बघत होता.

"तिची जड आहे," तो म्हणाला.

"तिची बरणी मोठी आहे. तिच्या घरी दोन मुलं आहेत."

हे त्याला काही वेळ पुरलं. मग महामार्ग लागला. बर्फ हटवणारी गाडी आमच्यापुढे चालली होती आणि तिला ओलांडता येत नव्हतं.

"चीर बघितलीस?" तो म्हणाला.

"बघितली. तुझीच होती."

"माझी?" तो म्हणाला. "माझी इतकी उजवीकडे नसते."

आणि शहराचे दिवे दिसेपर्यंत तो मला सांगत राहिला की ती नक्की किती उजवीकडे होती, आणि पालिंकाही तिने जरा हात राखूनच ओतली.